हळद लागलेला हातोडा

ती घटना आजही आठवते, आणि दर वेळी आधी आवाज आठवतो. ठक, ठक, ठक. मग जरा थांबणं. पुन्हा ठक, ठक. तो आवाज मी स्वतः ऐकला नव्हता. ज्यांनी ऐकला त्यांनी आम्हाला सांगितला, आणि तरी आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. एक बाई त्या दिवशी मरता मरता वाचली. नावं लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत, जी गेली त्यांची मुलं आहेत.

मी पोलिसात लागले ती नवऱ्याच्या जागेवर. तो शिपाई होता, काविळीनं गेला. तेव्हाच्या साहेबांनी वर लिहिलं आणि मला खाकी साडी मिळाली. शिक्षण चौथीपर्यंत, तेही गोंदियाकडच्या रेल्वेच्या शाळेत. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आमच्या ठाण्यात बाई मी एकटीच. पकडून आणलेल्या बायकांची अंगझडती घेणं, त्यांच्याजवळ बसणं, त्यांना इस्पितळात नेणं, हे माझं काम. बाकीचा वेळ मुन्शीच्या टेबलासमोरच्या बाकावर जायचा. मुन्शी म्हणजे ठाण्याचा लिहिणारा हवालदार. रोजनामचा त्याच्या हातात, म्हणून तो स्वतःला टी.आय. साहेबांच्या, म्हणजे ठाणेदाराच्या, खालोखाल समजायचा.

त्या बाकावर बसून मी एक शिकले. ठाण्यात आलेला माणूस पहिल्यांदा काय बोलतो ते ऐकावं. ज्याचं पोर हरवलं तो आधी पोराच्या अंगावरचे कपडे सांगतो. ज्याची सायकल गेली तो आधी सांगतो की कुलूप लावलं होतं. पुढचं सगळं सावरून बोललेलं असतं.

भिलाईला लागून असलेलं रिसाली तेव्हा अर्धं गाव होतं आणि अर्धी नवी वस्ती. प्लांटमधली, म्हणजे पोलाद कारखान्यातली, माणसं टाउनशिपच्या क्वार्टरांतून निघून तिथं स्वतःची घरं बांधायला लागली होती. एका गल्लीच्या टोकाला दोन घरं होती, मधली भिंत एकच. एका घरात मिस्त्री राहायचा, वर्ध्याकडचा. प्लांटमध्ये गाड्या दुरुस्त करायच्या शॉपमध्ये होता. दुसऱ्या घरात बाबू, अमरावतीकडचा, वजनकाट्यावर कारकून. त्याला पाळीची ड्यूटी असायची. बाबूला मूल नव्हतं. त्याची बायको घराबाहेर फारशी दिसायची नाही.

मिस्त्रीच्या घराला लागून टिनाची मोठी शेड होती आणि शेडमध्ये ती गाडी. एका जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, गोठ्यात ती सडत पडली होती, आत कोंबड्या अंडी घालायच्या. इंग्रजांच्या काळातली, दोन दारांची, कूपे म्हणतात तशी. मिस्त्रीनं ती बैलजोडी लावून ओढत आणली, तेव्हा अख्खी गल्ली हसली. नागपूरच्या रद्दीवाल्याकडून त्याला एक अमेरिकन मासिक मिळालं होतं. तिकडं लोक जुन्या मोटारी कापून, छप्पर खाली घेऊन, मोठं इंजिन बसवून पळवतात. त्याला हॉट रॉड म्हणतात, हे मला पुढं त्याच्याच तोंडून कळलं. मोहल्ला तिला चपटी म्हणायचा.

किती वर्षं तो त्या गाडीत गुंतला होता देव जाणे. छप्पर वीतभर कापून खाली बसवलं. पुढचे मडगार्ड काढून टाकले. जबलपूरच्या लिलावातलं लष्करी ट्रकचं इंजिन आणून बसवलं, ते बोनेटबाहेर डोकं काढून असायचं. आणि गाडीची सगळी हँडलं कापून ती जागा वेल्डिंगनं बुजवली. मासिकातल्या गाड्यांना हँडल दिसत नव्हतं. दार उघडायचं तर खिडकीतून आत हात घालून तार ओढायची. वरून सगळीकडे लाल रेड ऑक्साइड मारलेला. लहान मुलं त्या शेडजवळ खेळत नसत. मी पहिल्यांदा गाडी पाहिली तेव्हा मलाही बरं वाटलं नाही. ज्याला कुठूनच धरता येत नाही असं काही पाहिलं की मनाला ते रुचत नाही.

बाबूच्या तक्रारी आधीपासून होत्या. मिस्त्री पत्रा ठोकतो, झोप होत नाही, म्हणून तो दर थोड्या दिवसांनी यायचा. नीट इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, कधी आवाज चढवला नाही. मुन्शी त्याला चहा द्यायचा. आम्ही मिस्त्रीला दोनदा समजही दिली होती.

घटना घडली ती विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. भिलाईत हा दिवस दिवाळीपेक्षा लहान नाही. प्लांटच्या एकेका शॉपमध्ये मूर्ती बसते, मशीनला हार घालतात, आणि त्या दिवशी गेट कामगारांच्या घरच्यांसाठी उघडं असतं. बायका नव्या साड्या नेसून, पोरं घेऊन नवऱ्याचं मशीन बघायला जातात. घरोघरी ज्याची जी अवजारं असतील ती धुऊन, लाल कापडावर मांडून, हळदकुंकू वाहतात. मग त्यांना सुट्टी. दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी पान्ह्यालाही हात लावत नाही. आमच्या ड्रायव्हरनं ठाण्याच्या जीपला झेंडूचा हार घालून बोनेटवर नारळ फोडला होता आणि आज गाडी काढायला सांगू नका म्हणून तो सगळ्यांना बजावत फिरत होता.

दुपारी बाबू आला. डोळे लाल. रात्रपाळी करून आलोय म्हणाला.

"डोळा लागला नाही तं याचं ठोकणं सुरू. आज तरी हातोड्याले हात लावू नये ना माणसानं. देवाचंबी भेव नाही याले."

मुन्शी पेढा खात होता. "बाबूजी, आज तो चोर भी छुट्टी पर हैं," म्हणाला आणि एक पेढा त्याच्याही हातावर ठेवला. बाबू हसला. संध्याकाळी शिपाई पाठवतो म्हटल्यावर उठून स्कूटरवर बसून गेला. असल्या तक्रारीची कोणी नोंद करत नाही.

थोड्या वेळानं तोच परत आला. यावेळी बसला नाही. बायको घरात नाही, म्हणाला. सकाळपासून नाही. त्याला वाटलं पूजेला गेली असेल. आता गल्लीतली सगळी मंडळी प्लांटमधून परतली, तिचा पत्ता नाही. मिस्त्रीनं फूस लावली, असं त्याचं म्हणणं. मिस्त्रीचं कुटुंब प्लांट बघायला गेलं, मिस्त्री मधूनच एकटा घरी आला आणि शेडमध्ये ठोकत बसला. कशाला ठोकत होता? काय करत होता आत?

टी.आय. साहेबांनी वर्णन विचारलं. साडी कोणती होती? बाबूला आठवेना. पैसे, दागिने? सगळं कपाटात आहे म्हणाला, ते मात्र मोजून आला होता. मी विचारलं, चपला? तो म्हणाला, चपला दारातच आहेत.

पळून जाणारी बाई अनवाणी जात नाही. साहेबांनाही ते कळलं. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, चला.

जीप हारासकट निघाली. साहेब, मुन्शी, एक शिपाई, मी, आणि तक्रारदार म्हणून बाबू. तेव्हा तशीच पद्धत होती. तक्रारदार सोबत असला की जागा दाखवतो, माणूस ओळखतो.

मिस्त्री अंगणात पोरांना गाठीशेव वाटत होता. शेड उघड म्हटल्यावर तो गोंधळला. आज अवजारांची सुट्टी आहे, सकाळी पूजा करून कुलूप लावलं ते उद्याच निघेल, म्हणाला. साहेबांनी नुसता हात पुढं केला. मिस्त्रीनं किल्ली आणली. चपला काढून आत गेला. आमचे बूट तसेच.

आत भट्टीसारखं तापलं होतं. वर टिन, सप्टेंबरचं ऊन. मधोमध ती चपटी, बोनेटवर हार, समोर विझलेली उदबत्ती, लिंबू, नारळाची भकलं. भिंतीशी लाल कापडावर अवजारं ओळीनं मांडलेली. मिस्त्रीनं खिडकीतून हात घालून दार उघडलं. शिपायानं पुढच्या बैठकीवर टॉर्च मारला, सीटमागं मारला, गाडीखाली वाकून पाहिलं. कोपऱ्यातले पत्रे हलवले. जमीन खणल्याची खूण नव्हती. बाई नव्हती.

बाबू गाडीच्या मागं उभा होता. तो अचानक मोठ्यानं बोलला. त्याचा तसला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"निघ भायेर. मले मालूम हाये, तू अठीच हायेस. निघ म्हणतो ना."

कोणी हललं नाही. कुठून काही आवाज आला नाही. 

साहेबांनी मला बाबूच्या घरात पाठवलं, बाईचं सामान बघून ये म्हणाले. घर चकाचक. चुलीवर भाजी झाकलेली. देवापुढं तांब्या. आतल्या खोलीत एक खाट, एक ट्रंक, भिंतीला आरसा. आरसा फुटलेला होता आणि तसाच टांगून ठेवला होता. मी बाहेर येताना दार ओढलं तेव्हा पाहिलं. त्या खोलीला आतून कडी नव्हती. बाहेरून होती. लोखंडी, जाड, नवी.

मी जाऊन साहेबांना सांगितलं. ते ऐकून घेत मिस्त्रीकडेच बघत होते.

मिस्त्रीला ठाण्यात आणलं. तोवर गल्ली जमली होती, आणि गल्लीपेक्षा बातमी मोठी झाली होती. प्रत्येक मोठं मशीन बळी मागतं, अशी कामगारांत जुनी समजूत आहे. भट्टी पेटवताना, पूल बांधताना असलं काहीबाही लोक बोलतात. आता कोणी म्हणालं, चपटीनं बळी घेतला. मिस्त्रीनं बाईला पत्र्यात घालून वेल्डिंग केलं. पूजेच्या दिवशी इंजिन चालू व्हावं म्हणून. ठाण्याच्या फाटकाशी माणसं वाढत होती. ड्रायव्हर जीपचा हार काढायला लागला, कारण दोघातिघांनी त्या हाराकडे बोट दाखवून हीही बळी मागेल असं म्हटलं होतं.

चौकशी साहेबांनी स्वतः घेतली. मी दाराशी उभी. मिस्त्री स्टुलावर बसला होता, हात मांडीखाली दाबून. सकाळी पूजा केली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रसाद दिला, कुलूप लावलं, बायकापोरांना घेऊन प्लांटमध्ये गेलो, दुपारनंतर सगळे सोबत परत आलो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पण त्या दिवशी गेटवर कोण आलं, कोण गेलं, याची विचारपूस कोणी करत नाही. बायकापोरं तर त्याच्या बाजूनंच बोलणार. आणि ठोकण्याचा आवाज बाबूशिवाय गल्लीतल्या आणखी एका घरानं ऐकला होता. साहेबांनी तिथंच बोट ठेवलं. ठोकत होतास. काय ठोकत होतास?

"मी आज हातोड्याले हात नाही लावला साहेब."

साहेब म्हणाले, दोन घरं ऐकतात आणि तू नाही म्हणतोस.

"लावला असन तं हे हात गळून पडो."

मुन्शीनं लाठी टेबलावर आपटली. मिस्त्री दचकला. तो काहीतरी लपवत होता, हे मलाही दिसत होतं. साहेबांनी गाडीत कुठं काय आहे विचारलं की त्याची नजर खाली जायची. पुढं कळलं ते असं. गाडीच्या मागच्या भागाला त्यानं आतून नवा पत्रा मारला होता आणि तो पत्रा भिलाईतल्याच कॅम्प-१ वस्तीतल्या एका भंगारवाल्याकडून बिनापावतीचा घेतला होता. पत्रा प्लांटचा असावा, चोरीचा निघाला तर नोकरी जाईल, ही त्याची भीती. म्हणून गाडीच्या मागच्या भागाचं नावच तो घेत नव्हता. ठाण्यात माणसं खून लपवतात तशीच चिल्लर गोष्टही लपवतात. चेहरा दोन्हीला सारखाच दिसतो.

बाबू बाहेर बाकावर, माझ्या जागेवर बसला होता. लोक त्याला पाणी देत होते.

साहेबांनी मला आणि शिपायाला शेडमधले हातोडे जप्त करून आणायला सांगितलं. रक्त लागलेलं असेल तर तपासायला पाठवायचे होते. बाबू उठून आमच्यासोबत निघाला. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही बसा, साहेबांना तुमची सही लागेल. खरं तर मला तो जीपमध्ये शेजारी नको होता. ती कडी पाहिल्यापासून नको होता.

गल्लीत दोन माणसं पंच म्हणून घेतली. समोरच्या घरी एक छत्तीसगढी म्हातारी राहायची, पायानं अधू, म्हणून ती पूजेलाही गेली नव्हती. दिवसभर ओसरीवर. बाबूशिवाय आवाज ऐकणारं दुसरं घर ते हिचंच. मी जाता जाता तिला विचारलं, आवाज थांबला कधी? तिनं हनुवटीनं बाबूच्या फाटकाकडे खूण केली.

"बाबू ह स्कूटर मा गइस, त जोर-जोर से ठोकिस. आइस, त चुप."

बाबू गेला तेव्हा जोरात, आला तेव्हा गप्प. मी ऐकलं आणि पुढं गेले. बाबूनं तक्रार केली म्हणून मिस्त्री घाबरून थांबला असेल, असं शिपाई म्हणाला. मलाही ते पटलं. पण पटेपर्यंत मी शेडच्या दारात पोचले होते, आणि पटलेलं तिथंच सुटलं. कारण बाबू तक्रार करायला गेला हे आत ठोकणाऱ्याला कसं कळावं? त्याला फक्त स्कूटरचा आवाज येणार.

मी लाल कापडापाशी बसले. तीन हातोडे होते, एक मोठा घण, दोन लहान. मोठा उचलायला हात घातला आणि बोट पिवळं झालं. हातोड्याच्या तोंडावर, जिथं घाव बसतो तिथंच, ओल्या हळदीचा टिळा लावलेला होता आणि आता तो वाळला होता. त्यावर कुंकू. कुंकवावर तांदळाचे दाणे चिकटलेले, सगळे जागच्या जागी. घणाच्या दांड्यावर झेंडूची पाकळी. लहान हातोड्यांवरही तसंच. छिन्नीवर, पान्ह्यांवर, सब्बलीवर, म्हणजे पहारीवर सुद्धा. एका घावानं सुद्धा हळदीची खपली उडाली असती. मिस्त्री खरं बोलत होता. हातोड्याला कोणी हात लावला नव्हता.

आणि म्हातारीही खरं बोलत होती. बाबूही.

मग ठोकलं कोणी?

मी उठले. शेड कुलूपबंद होती, आत एक गाडी, आणि आत कोणीतरी ठोकत होतं, स्कूटर गेली की जोरात, स्कूटर आली की गप्प. ओरडत नव्हतं. फक्त ठोकत होतं, हातोड्यासारखं, थांबून थांबून. आणि आम्ही सगळे इथं आलो होतो, नवऱ्याला सोबत घेऊन, आणि तो याच ठिकाणी उभं राहून बोलला होता.

पंचांना आणि शिपायाला मी दाराबाहेर जायला सांगितलं. शिपायानं का म्हणून विचारलं. म्हटलं, जा बाबा. मी गाडीच्या मागं गेले. लाल, गुळगुळीत पत्रा, कुठं फट दिसत नव्हती. मी त्यावर हात ठेवला. चटका बसला. तोंड पत्र्याजवळ नेलं आणि हळू आवाजात म्हटलं:

"बाई, तुझा नवरा अठी नाही. ठाण्यात बसून हाये. मी एकटीच हाये."

काही नाही. मी पुन्हा तेच म्हटलं. मला वाटलं उशीर झाला. मग पत्र्याच्या आतून, माझ्या तळहाताखाली, एक ठक आलं. अगदी हलकं. बांगडीचं असावं.

मी आयुष्यात कापलेली, जळलेली, पाण्यात फुगलेली माणसं पाहिली आहेत. त्या एका ठकइतकं त्यातलं काहीच लक्षात राहिलं नाही.

शिपायाला हाक मारली. मिस्त्रीला आणायला वेळ नव्हता. लाल कापडावरची सब्बल मीच उचलली. पूजेच्या दिवशी त्या घरात पहिलं अवजार मी उचललं, त्याचं पाप असेल तर माझं. घामानं भिजलेल्या हळदीवरून हात घसरत होता. पत्र्यावर बोटं फिरवली तेव्हा केसाएवढी फट लागली. शिपायानं आणि मी मिळून जोर लावला, पत्रा वाकला, आणि गाडीच्या मागचा अख्खा भाग झाकणासारखा वर आला. जुन्या कूपे गाड्यांना मागं अशी उघडी बैठक असायची, नोकराचाकरांसाठी. झाकण लावलं की डिकी. मिस्त्रीनं त्याचंही हँडल कापून टाकलं होतं, आणि ते ड्रायव्हरच्या सीटखालच्या तारेनं उघडत होतं. लावलं की आपोआप खटका बसायचा. आतून उघडायला काही नव्हतं.

ती आत कुशीवर होती, गुडघे पोटाशी. साडी भिजून अंगाला चिकटलेली. ओठ फाटलेले, डोळे अर्धे. एका हातातल्या बांगड्या फुटून मनगट सोललेलं. जिवंत होती. तारेसाठी पाडलेल्या भोकातून जी काय हवा येत होती तेवढ्यावर. शिपायानं पाणी शिंपडलं. तिनं माझ्या खाकी साडीकडे पाहिलं, मग माझ्यामागं दाराकडे.

"गेला का थो?"

एवढंच बोलली आणि बेशुद्ध झाली.

इस्पितळात शुद्ध आली तेव्हा साहेब आले, आणि त्यांच्यामागं बाबू, हातात बिस्किटाचा पुडा. तो रडत होता. मी तिले फुलासारखं ठेवतो, सगळ्या गल्लीले विचारा, म्हणत होता. बाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. साहेबांनी तिला दोनतीन गोष्टी विचारल्या, तिनं उत्तर दिलं नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. पण बाई सापडली, मिस्त्री निर्दोष, त्यांच्या मते प्रकरण मिटलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "घर का मामला है बाई. समझा-बुझा के भेज दो."

मी म्हटलं, साहेब, समजावते, पण तिचं बयान लिहून घेतल्यावर. आणि बयान होईपर्यंत याला फाटकाच्या आत ठेवू नका. तुम्हीपण बाहेर थांबा. सकाळपासून ती फक्त एकदा बोलली आहे, तो नव्हता तेव्हा.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. मग ते बाबूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन गेले. मी खिडकीतून तिला दाखवलं, जीपमध्ये बसून तो जातोय ते. जीप वळली तेव्हा ती बोलायला लागली.

सकाळी त्यानं मारलं होतं. खोलीत कोंडायच्या आत ती मिस्त्रीकडे प्रसाद घ्यायचं निमित्त करून निघाली. अनवाणीच. मिस्त्री लोकांना गाडी दाखवत होता, मागचं झाकण उघडं होतं. सगळे अंगणात प्रसादाला गेले आणि तिनं आपल्या दारातून बाबूला बाहेर येताना पाहिलं. ती डिकीत शिरली आणि झाकण ओढून घेतलं. तो झोपला की निघायचं, दुर्गहून रेल्वे पकडून भावाकडे जायचं, एवढाच विचार होता. मग शेडला कुलूप लागलं. अंधारात खटका सापडेना. भिंतीपलीकडं तो झोपलेला. म्हणून ती हातोड्यासारखं ठोकत राहिली. मिस्त्रीकडचं कोणी ऐकेल, आणि बाबूनं ऐकलं तरी त्याला रोजचं ठोकणं वाटेल. स्कूटर गेल्यावर तिनं जीव खाऊन ठोकलं. गल्ली प्लांटमध्ये होती, आणि सगळे परतले तोवर तिच्या हातात जोर उरला नव्हता. आम्ही आलो तेव्हा तिला आमची सगळी बोलणी ऐकू आली होती.

मी विचारलं, आम्ही पोलीस होतो, तेव्हा एक हाक का नाही मारली?

"मारली असती तं त्यानंच काढलं असतं मले," ती म्हणाली. "मंग घरीच नेलं असतं."

ती त्या पेटीत मरायला तयार होती. भावाकडे पोचण्याची थोडी आशा होती म्हणून ठोकत होती, तेवढंच.

नवऱ्यानं छळ केला तर लावायचं कलम तेव्हा नवीन आलं होतं. आमच्या ठाण्यात कोणी लावलं नव्हतं, मुन्शीला ते शोधायला पुस्तक चाळावं लागलं. ते लागलं. पुढं खटला रेंगाळला, मधल्या लोकांनी समेट घडवून आणला, बाबूला शिक्षा झाली नाही. तो रिटायर होईपर्यंत वजनकाट्यावर बसला आणि बाजारात दिसले की मला नमस्कार करायचा. मी उत्तर देत नसे. बाई मात्र परत आली नाही. तिला भावाच्या गावी जाणाऱ्या रेल्वेत बसवायला मीच दुर्ग स्टेशनवर गेले होते. चपला नव्हत्या, म्हणून इस्पितळातल्या आयाच्या घालून गेली.

नोकरीच्या शेवटी शेवटी नव्या पोरींना माझ्याजवळ कामाला देत. त्यांना मी बाकी काही शिकवलं नाही, कायदा माझ्यापेक्षा त्यांना जास्त यायचा. एकच सांगायचे. झडतीला जाताना तक्रारदाराला सोबत नेऊ नका. ज्याला शोधताय तो गप्प असेल तर आधी बघा, तुमच्या शेजारी कोण उभं आहे. भ्यालेल्या माणसाला हाक ऐकू येते, पण त्या हाकेत तो आधी आवाज ओळखतो.

त्या संध्याकाळी मिस्त्रीला सोडलं तेव्हा तो शेडमध्ये गेला आणि वाकलेल्या झाकणासमोर खाली बसून रडला. गाडीसाठी की कशासाठी, मी विचारलं नाही. पत्र्याची गोष्ट कोणी काढली नाही.

पुढल्या वर्षी पूजेला त्यानं मला प्रसादाला बोलावलं. गाडी तयार झाली होती, इंजिन चालू व्हायचं, पोरं भोवती गोळा झाली होती. झाकण सरळ करून त्यानं पुन्हा बसवलं होतं. त्यावर बाहेरून एक ओबडधोबड हँडल वेल्ड केलेलं होतं, म्हशीच्या गोठ्याला शोभेल असं. "दिसाले खराब दिसते बाई," तो म्हणाला, "पण राहू द्या."

मी झाकण उघडायला लावलं आणि आत वाकून पाहिलं. आतूनही एक कडी होती. हात घालून ओढली. निघाली. लावून पुन्हा ओढली. पुन्हा निघाली. मग मी प्रसाद घेतला.